तळटीप तपासणारी मुले सोलापुरातही हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र आले होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शोधनियतकालिके काढण्याचे फॅड आता आपल्याकडेही येऊ घातले आहे, प्राध्यापकांचे लेख विद्यार्थ्यांनी तपासायचे हा उलटाच प्रकार आहे, आणि त्यातून आंतरराष्ट्रीय कायद्याशी सोलापूरकरांना काय देणेघेणे, असा त्यांचा एकंदर सूर होता. पत्रलेखक वकिलीत मुरलेले दिसतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की या तिन्हींतली एकही गोष्ट मला पटली नाही. मी वकील नाही. सोलापुरातल्या छापखान्यांत मुद्रितशोधक म्हणून माझी सारी नोकरी झाली. खिळ्यांच्या गॅलीवर सुरुवात केली आणि डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या जुळणीवर, निवृत्त झालो. पण असे नियतकालिक आतून कसे चालते ते मी माझ्या भाचीच्या शेजारी बसून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

भाची राज्याबाहेर एका विधी विद्यापीठात शिकते. तिथे आंतरराष्ट्रीय कायद्यावरचे एक नियतकालिक विद्यार्थी चालवतात, त्याच्या संपादक मंडळावर ती आहे. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आली, पण होम मैदानावर जायचे सोडून लॅपटॉप उघडून बसलेली. "काय वाचायलीस एवढं?" म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एका प्राध्यापकांचा लेख होता, पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यावरचा. प्रत्येक पानाच्या तळाशी आठ-दहा तळटिपा. तिचे काम हे की एकेका तळटिपेत ज्या कागदाचा हवाला दिला आहे तो मूळ कागद उघडायचा, ते कलम किंवा तो परिच्छेद काढायचा, आणि लेखक म्हणतात ते तिथे खरेच लिहिले आहे का ते पाहायचे.

एका तळटिपेशी ती थांबली. "मामा, हे बघा की. साल चुकलंय." लेखात '१९६१ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६' असे होते. मला त्यात काही वावगे दिसले नाही. मग तिने दोन्ही करार शेजारी शेजारी उघडून दाखवले. व्हिएन्नाच्या नावाने ओळखले जाणारे करार अनेक आहेत. १९६१ चा राजनैतिक संबंधांविषयी, १९६३ चा वाणिज्य दूतांविषयी, १९६९ चा खुद्द करार कसे करावेत आणि कसे मोडू नयेत याविषयी. पहिल्या दोन्हींत कलम ३६ आहे. १९६३ च्या करारातले कलम ३६ सांगते की परदेशी माणसाला अटक झाली तर त्याला त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्क करण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगितले पाहिजे, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्यांना त्याची तुरुंगात भेट घेता आली पाहिजे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला, तो याच कलमावर. आणि १९६१ च्या करारातले कलम ३६ कशाबद्दल आहे? राजनैतिक अधिकाऱ्यांच्या सामानावरचा सीमाशुल्क माफ करण्याबद्दल आणि त्यांच्या बॅगा तपासण्याबद्दल. म्हणजे एक अंक चुकला की वाचक फाशीच्या कोठडीतल्या माणसाच्या हक्काऐवजी विमानतळावरच्या बॅगेपाशी जाऊन उभा राहतो.

थोड्या वेळाने तिला त्याच लेखात याहून गंभीर गोष्ट सापडली. 'न्यायालयाने म्हटले आहे की' असे लिहून लेखकांनी अवतरणचिन्हांत एक वाक्य दिले होते. ते निकालपत्रात कुठेच नव्हते. तिने निकालाला जोडलेली न्यायाधीशांची स्वतंत्र मतपत्रे एकेक करून उघडली. वाक्य निघाले ते विरोधी मत देणाऱ्या एकमेव न्यायाधीशांच्या टिपणात. ते या खटल्यापुरते पाकिस्तानने नेमलेले न्यायाधीश. जे न्यायालयाने फेटाळले, तेच लेखात न्यायालयाच्या तोंडी आले होते. लेखक विद्वान आहेत, हे त्यांनी मुद्दाम केले नसणार. टिपणे काढताना कागदांची सरमिसळ झाली असेल. पण हा लेख तसाच छापला गेला असता, तर पुढे कोणीतरी त्याच्या आधाराने तेच वाक्य उचलले असते, त्याच्यावरून तिसऱ्याने. छापील चूक पुसता येत नाही, ती फक्त पसरते. आयुष्यभर प्रुफे वाचून मला हे माहीत आहे. भाचीने लेखकांना अतिशय अदबीने मेल लिहिली, परिच्छेदाचा क्रमांक दिला, आणि कोणती दुरुस्ती सुचवते ते लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे आभाराचे उत्तर आले.

प्राध्यापकांचा लेख विद्यार्थ्याने तपासणे हा उलटा प्रकार असेल, तर तो उलटा प्रकार मला मान्य आहे.

तिच्याकडून कळलेली कामाची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण 'पोरांच्या हाती कारभार' असे म्हणताना ती लक्षात घेतली जात नाही. आलेल्या लेखावरचे लेखकाचे नाव आधी काढतात. दोघेजण तो स्वतंत्रपणे वाचतात आणि लेखी अभिप्राय देतात. मतभेद झाला तर मंडळ बसते. पुष्कळ ठिकाणी यानंतर त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकाराकडे लेख पाठवतात. स्वीकारला गेला की मांडणीवर काम, मग तळटिपांची ती न संपणारी तपासणी, आणि शेवटी प्रूफ. नाकारलेल्यांना कारणासह उत्तर जाते. आमच्या छापखान्यात पहिले प्रूफ, दुसरे प्रूफ, मशीन प्रूफ असे टप्पे असत. पण मजकूर खरा की खोटा हे पाहणे आमच्याकडे नव्हते. या मुलांकडे ते आहे.

आणि हे फॅड म्हणावे इतके नवे अजिबात नाही. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' १८८७ मध्ये सुरू केला. तो आजही विद्यार्थीच चालवतात. बराक ओबामा १९९० मध्ये त्याचे अध्यक्ष होते, तेव्हा ते विद्यार्थीच होते. तळटिपा कशा लिहाव्यात याचे 'ब्लूबुक' नावाचे जे पुस्तक अमेरिकेतले वकील आणि न्यायालये वापरतात, ते हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया येथील विद्यार्थी-संपादक मिळून तयार करतात. आंतरराष्ट्रीय कायद्यापुरते बोलायचे तर हार्वर्डचे नियतकालिक १९५९ मध्ये सुरू झाले, व्हर्जिनियाचे १९६० मध्ये, येलचे १९७४ मध्ये. आपल्या देशातही बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधून आंतरराष्ट्रीय आर्थिक कायद्यावरचे आणि जोधपूरच्या विधी विद्यापीठातून २००९ पासून व्यापार, कायदा व विकास या विषयाचे नियतकालिक विद्यार्थीच काढतात, आणि त्यांत जगभरचे अभ्यासक लिहितात.

या पद्धतीवर टीका होते, ती मला ठाऊक आहे आणि ती सगळीच गैर नाही. तिशीही न गाठलेल्या संपादकाला एखाद्या गुंतागुंतीच्या सिद्धांताचा नवेपणा ओळखता येईलच असे नाही. मोठ्या नावाला भुलण्याचा धोका असतो. म्हणून तर नावे झाकतात. लेख फुगतात, तळटिपांचे ओझे वाढते. 'अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ' हे १९०७ पासूनचे नियतकालिक तज्ज्ञांच्याच हाती राहिले, आपल्या दिल्लीतल्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचे १९६० पासूनचे नियतकालिकही विद्यार्थ्यांचे नाही, आणि दोन्हींना मान आहे. तज्ज्ञांची नियतकालिके बंद करून विद्यार्थ्यांची काढा असे कोणीच म्हणत नाही. दोन्ही लागतात. विद्यार्थ्यांनी पाया तपासावा, तज्ज्ञांनी वरचा मजला. बाहेरचा जाणकार वाचक जोडून घेतला की बहुतेक आक्षेपांचे उत्तर मिळते.

पण मला ज्याची खरी चीड आहे ते वेगळेच. ज्यांना पत्रलेखक 'प्रस्थापित' समजत असावेत अशा काही शोधपत्रिकांचे अंक आमच्याकडे छपाईला येत असत. मुखपृष्ठावर ठसठशीत 'इंटरनॅशनल'. आत लेख कोणाचाही, विषय कोणताही. ऊस, संत वाङ्मय आणि बँकिंग एकाच अंकात. लेखकाने पैसे भरले की लेख लागला. एका अंकाची प्रुफे वाचताना दोन वेगवेगळ्या लेखकांच्या लेखांत एक अख्खे पान शब्दशः सारखे मला दिसले, टायपिंगच्या चुकांसकट. मी दोन्ही पानांवर लाल खूण करून संबंधितांकडे पाठवले. निरोप आला की आहे तसे छापा, पदोन्नतीच्या मुलाखती तोंडावर आल्या आहेत. अंक तसाच निघाला. अशांना आवर घालण्यासाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य शोधपत्रिकांची 'केअर' यादी केली होती, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता प्रत्येक संस्थेने आपापला निकष लावायचा आहे. अशा वेळी पैसे न घेता, नाव न पाहता, हवाला उघडून पाहणारी मुले चालवत असलेले नियतकालिक अपरिपक्व कसे?

आता सोलापूरला याचे काय, या मुद्द्याकडे येतो. त्या पत्रातले हेच वाक्य मला सर्वांत लागले.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेचे कलम ३८ सांगते की वाद सोडवताना न्यायालयाने करार पाहावेत, देशोदेशींचे प्रघात पाहावेत, कायद्याची सर्वमान्य तत्त्वे पाहावीत. आणि दुय्यम साधन म्हणून न्यायालयांचे निर्णय व 'विविध राष्ट्रांतील' श्रेष्ठ अभ्यासकांचे लेखनही पाहावे. देशातल्या कायद्यात लेखकाला हे स्थान नसते. इथे अभ्यासकाने लिहिलेले पान न्यायाच्या सामग्रीत मोजले जाते. विविध राष्ट्रांतील म्हटले असले तरी हवाले कोणाचे दिले जातात? लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे शिकलेल्या आणि शिकवणाऱ्यांचे. आपला माणूस लिहीलच ना, असे म्हणून बसून चालत नाही. लिहिण्याची सवय विशी-बाविशीत लागते, आणि ती लागायला आधी दुसऱ्याचे लिहिणे बारकाईने वाचावे लागते.

उदाहरण आपल्याच धंद्यातले घ्या. १९९७ मध्ये युरोपीय समुदायाने भारत, पाकिस्तान आणि इजिप्तमधून येणाऱ्या सुती पलंगपोस-अभ्र्यांवर अँटी-डंपिंग शुल्क लावले. म्हणणे असे की तुम्ही घरच्या बाजारापेक्षा स्वस्तात आमच्याकडे माल ओतता. हिशेब कसा केला ते ऐका. समजा चार प्रकारच्या चादरी आहेत. दोन प्रकार तिकडे स्वस्त विकले, दोन महाग. स्वस्त विकलेल्यांचा फरक पूर्ण धरला, आणि महाग विकलेल्यांचा फरक मात्र शून्य मानला. अशाने कोणाचाही माल डंपिंगचाच ठरणार. भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला. १ मार्च २००१ रोजी तिथल्या अपील मंडळाने ही शून्य मानण्याची पद्धत कराराविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. पुढे पोलाद आणि इतर मालाच्या कितीतरी वादांत याच निर्णयाचा आधार घेतला गेला. चादरीवरून उभा राहिलेला हा निर्णय जगभरच्या वर्गांत शिकवतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणाऱ्या किती घरांतल्या, कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना तो माहीत आहे? मी ओळखीच्या काहींना विचारले. एकालाही नव्हता. दोष त्यांचा नाही. त्यांच्या हाती तो कोणी दिलाच नाही.

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन २००५-०६ मध्ये मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराचे कलम २२ आणि कलम २३ शेजारी ठेवून वाचा. वाइन आणि मद्य यांच्या नावांना कलम २३ ने जादा संरक्षण दिले आहे: 'अमुक पद्धतीची', 'अमुक प्रकारची' असे लिहूनही ते नाव वापरता येत नाही. चादर, टॉवेल, डाळिंब यांना फक्त कलम २२. त्यात ग्राहकाची दिशाभूल होते हे तुम्हीच दाखवून द्यायचे. परदेशात कोणी 'सोलापूर पद्धतीची चादर' असे छापून खाली आपल्या देशाचे नाव टाकले, तर तो सुटू शकतो. फ्रान्सच्या शॅम्पेनबाबत असे करणारा सहसा सुटत नाही. मद्याला एक न्याय आणि मागावरच्या कापडाला दुसरा. हे संरक्षण सर्व वस्तूंना मिळावे म्हणून भारताने व्यापार संघटनेच्या वाटाघाटींच्या दोहा फेरीपासून आग्रह धरला, अजून यश नाही. यावर कळकळीने कोणी लिहायचे? माझ्या मते ज्याच्या आजोबांनी हातमागावर काढले आणि वडिलांनी यंत्रमागावर, त्याने.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा इथल्या टॉवेल निर्यातदारांच्या तोंडचे पाणी पळाले. कबूल केलेल्या मर्यादेपलीकडे शुल्क वाढवणे जागतिक व्यापार संघटनेच्या करारात बसते का, दाद कुठे मागायची, तिथले अपील मंडळ तर पुरेशा सदस्यांअभावी ११ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, मग पर्याय कोणते? त्या दिवसांत चौकाचौकात हीच चर्चा होती, पण माहितीने बोलणारा मला तरी भेटला नाही. कापडापलीकडेही विषय आहेत. नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी २०२० मध्ये गांधीनगरच्या परिषदेत स्थलांतरित प्रजातींच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत, गेला. त्यातून सरकारवर कोणती जबाबदारी येते? चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांच्या गावातल्या विद्यार्थ्याने युद्धात रुग्णालयांवर होणाऱ्या हल्ल्यांविषयी, १९४९ चे जिनिव्हा करार पुढ्यात ठेवून लिहावे, असेही मला मनापासून वाटते.

तेव्हा माझी मागणी अशी की सोलापुरातल्या विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय कायद्याचे एक नियतकालिक काढावे. एकेका महाविद्यालयाला हे झेपणार नाही, सर्वांनी मिळून केले तर झेपेल. वर्षाला एकच अंक. दोनची घोषणा करू नये; घोषणा दोनची आणि अंक अर्धा, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. लेख इंग्रजीत आले तरी प्रत्येकाचा दोन पानी मराठी गोषवारा असावा, आणि काही लेख मूळ मराठीतच असावेत, म्हणजे यंत्रमागधारक आणि डाळिंब बागायतदारही वाचतील. कागदावर छापलाच पाहिजे असे नाही. मी जन्मभर छापखान्यात काढला तरी हे म्हणतो. इंटरनेटवरचा अंक चालतो. नियतकालिकाची ओळख म्हणून लागणारा आयएसएसएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल, व्यापार संघटनेचे अहवाल, संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेले करार, सगळे फुकट उघडता येते. महागड्या विदापेढ्यांची (डेटाबेसची) वर्गणी नाही म्हणून अडून बसायचे कारण नाही.

खरी अडचण माणसांची आहे. संपादक शेवटच्या वर्षाला जातात, पास होतात, निघून जातात, आणि नवी मुले पुन्हा शून्यापासून सुरू करतात. भाचीच्या मंडळात याला एक उपाय आहे: प्रत्येक पदासाठी एक वही. कोणत्या लेखकाला काय कळवले, कोणता लेख का नाकारला, कोणती चूक कुठे सापडली, सगळे त्यात लिहून पुढच्याच्या हाती द्यायचे. इथेही पहिल्या दिवसापासून तशी वही ठेवावी. आणि एक प्राध्यापक पाठीशी असावेत, जे विचारले तर सांगतील, पण आपल्या मित्राचा लेख घ्या म्हणून निरोप पाठवणार नाहीत. लेखकाकडून छदामही घ्यायचा नाही, हा नियम पहिल्याच पानावर असावा. खर्च म्हणावा तर संकेतस्थळाचा आणि वर्षातून एका कार्यशाळेचा. तो वकील मंडळींनी आणि टॉवेल-चादर उत्पादकांनी उचलावा, पण लेखाच्या निवडीत बोलू नये.

संपादक महाराज, आपणही एक करू शकता. अंक निघाला की त्यातल्या एका लेखाचा मराठी गोषवारा रविवारच्या पुरवणीत छापा.

माझ्याकडून मराठी मजकुराची सगळी प्रुफे मी वाचून देईन, मोबदला नको. तळटिपा कशा तपासायच्या ते शिकवायला उन्हाळी सुट्टीत भाची दोन दिवस द्यायला तयार आहे, तिला विचारूनच हे लिहितो आहे. ज्या विद्यार्थ्यांना यात उतरायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयात नावे द्यावीत. माझा पत्ता व फोन आपल्याकडे आहे, तो त्यांना जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
साखर पेठ, सोलापूर